एका रेणूचा आजार

तुमच्यापैकी जे गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, मेळघाट किंवा नंदुरबार या भागांत राहतात, त्यांना ‘सिकलसेल’ हा शब्द नवा नाही. शाळेत आरोग्य पथक येते, बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब घेते आणि काही दिवसांनी प्रत्येकाला सांगते की, तू निरोगी आहेस, तू वाहक आहेस, किंवा तुला हा आजार आहे. पुण्या-मुंबईच्या वाचकांनी हे नाव निदान पाठ्यपुस्तकात आनुवंशिकतेच्या धड्यात वाचलेले असेल. पण रक्ताच्या एका थेंबावरून हे तिघे वेगळे कसे ओळखतात, हा प्रश्न तुम्ही कधी स्वतःला विचारला आहे का?

या प्रश्नाचे उत्तर वैद्यकाच्या नव्हे, तर पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात आहे. आमच्या कॉलेजात डॉक्टर व्हायचे म्हणून येणारी आणि पदार्थविज्ञान केवळ नाइलाजाने सहन करणारी मुले दरवर्षी भेटतात. ‘सर, कूलोंबचा नियम आम्हांला दवाखान्यात कशाला लागणार?’ असे ती विचारतात. त्यांच्यासाठीच मी ही १९४९ सालची हकिगत राखून ठेवलेली आहे. स्थळ आहे अमेरिकेतील पॅसाडीना गावची कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी. तिला सगळे ‘कॅलटेक’ म्हणतात. हे विज्ञानाला वाहिलेले विद्यापीठ आहे; तेथे वैद्यकीय महाविद्यालय नाही, रुग्णालय तर नाहीच. तरीही एका आजाराचे मूळ थेट रेणूपर्यंत प्रथम पोचले ते तेथे.

विळ्यासारख्या पेशी

१९१० साली शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी एका तरुण रुग्णाची माहिती प्रसिद्ध केली. हा तरुण वेस्ट इंडीजमधील ग्रेनाडा बेटाहून दंतवैद्यक शिकायला आलेला होता. त्याला सारखा थकवा येई, ताप येई, रक्त कमी पडे. त्याचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तेव्हा नेहमीच्या गोल तांबड्या पेशींबरोबर लांबट, वाकड्या, विळ्यासारख्या दिसणाऱ्या पेशी आढळल्या. इंग्रजीत विळ्याला ‘सिकल’ म्हणतात, त्यावरून पुढे या आजाराला नाव पडले.

तांबडी पेशी म्हणजे सात-आठ मायक्रॉन व्यासाची, मध्ये दबलेली लवचीक चकती. ती स्वतःहून अरुंद केशवाहिनीतूनही अंग मुडपून निघून जाते. विळ्याच्या आकाराची ताठर पेशी मात्र अडकते. तिच्यामागे दुसरी अडकते, तिसरी अडकते, आणि त्यापुढच्या भागाला रक्त पोचत नाही. रुग्णाची हाडे, सांधे, पोट असे काही दुखू लागते की मोठी माणसेसुद्धा विव्हळतात. शिवाय निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस टिकते, तर ही दहा-वीस दिवसांतच फुटते. म्हणून रक्त सतत कमी.

एक गोष्ट डॉक्टरांना लवकरच कळली होती. काही माणसे पूर्णपणे धडधाकट असतात. पण त्यांचे रक्त काचपट्टीवर हवाबंद ठेवले तर त्यांच्याही पेशी वाकतात. ही माणसे बहुधा रुग्णांच्या नात्यातलीच असत. मग यांना आजार सौम्य झाला आहे, की यांची गोष्टच निराळी आहे? यावर वर्षानुवर्षे एकमत होत नव्हते.

पाउलिंगचा तर्क

लायनस पाउलिंग हे नाव तुम्ही रसायनशास्त्रात ऐकले असेल. अणू एकमेकांना कसे धरून ठेवतात, याचा अभ्यास करणारा हा शास्त्रज्ञ. १९४५ साली एका वैद्यकीय समितीच्या निमित्ताने त्याची हार्वर्डच्या डॉ. विल्यम कॅसल यांच्याशी गाठ पडली. बोलता बोलता कॅसल यांनी या आजाराचा विषय काढला आणि सांगितले की, पेशी वाकतात त्या रक्तातला प्राणवायू कमी झाल्यावर. फुप्फुसांतून प्राणवायू घेऊन निघालेल्या रक्तात त्या पुष्कळशा गोल असतात, शरीरात तो देऊन परतणाऱ्या रक्तात विळ्यासारख्या होतात.

एखाद्याने हे ऐकून मान डोलावली असती. पाउलिंगच्या मनात मात्र लगेच चक्र फिरले. प्राणवायू आला-गेला याची खबर तांबड्या पेशीत कोणाला लागते? तिचे वेष्टन, तिच्यातले क्षार, पाणी यांना त्याचे काही नाही. प्राणवायूशी संबंध येतो तो एकट्या हिमोग्लोबिनचा. आणि तांबडी पेशी म्हणजे हिमोग्लोबिनने ठासून भरलेली पिशवीच. पाणी वगळले तर आत बहुतेक तेच उरते. तेव्हा पेशी आजारी नसून तिच्यातील हिमोग्लोबिनचा रेणूच मुळात वेगळा असला पाहिजे!

हा तर्क इतक्या झटपट सुचला याला कारण होते. पाउलिंग आणि त्याचा सहकारी चार्ल्स कोरिएल यांनी १९३६ सालीच हिमोग्लोबिन चुंबकीय क्षेत्रात ठेवून तपासले होते. प्राणवायू नसलेले हिमोग्लोबिन अनुचुंबकीय असते, म्हणजे चुंबकाकडे किंचित ओढले जाते. प्राणवायू धरला की तोच रेणू प्रतिचुंबकीय होतो, किंचित दूर ढकलला जातो. म्हणजे प्राणवायूच्या येण्याजाण्याने या रेणूची अंतर्रचना बदलते हे त्याला ठाऊक होते. चुंबकाचा हा प्रयोग झाला तेव्हा त्याचा या आजाराशी काही संबंध येईल असे कोणाच्या स्वप्नातही नव्हते.

तर्क झाला; तो सिद्ध कोणी करायचा? हे काम हार्वे इटानो या तरुण डॉक्टरकडे आले. त्याची थोडी ओळख करून देतो. इटानो कॅलिफोर्नियात जन्मलेला, पण आईवडील जपानी. डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील एक लाखाहून अधिक जपानी वंशाच्या लोकांना घरेदारे सोडून छावण्यांत जावे लागले. १९४२ साली बर्कलीच्या विद्यापीठाने आपल्या सर्वोत्तम पदवीधराचे पदक इटानोला जाहीर केले, तेव्हा पदक घ्यायला तो समारंभात नव्हता, कारण तो काटेरी कुंपणामागे होता. पुढे सेंट लुइस येथे त्याने वैद्यकाचे शिक्षण पूर्ण केले आणि १९४६ साली तो पाउलिंगच्या प्रयोगशाळेत संशोधक विद्यार्थी म्हणून दाखल झाला. त्याच्या जोडीला जोनाथन सिंगर आणि आयबर्ट वेल्स हे दोघे आले. (अकरावी-बारावीत जीवशास्त्र शिकवणाऱ्या शिक्षकांना सिंगर हे नाव आठवेल. पेशीपटलाची १९७२ सालची प्रसिद्ध प्रतिकृती मांडणाऱ्या जोडीतला एक तो हाच.)

वजनाने नव्हे, भाराने

आता अडचण काय होती ती नीट समजून घ्या. हिमोग्लोबिनचा रेणू राक्षसी असतो. हायड्रोजनच्या अणूचे वजन १ धरले तर याचे सुमारे ६४,५००. त्याची मांडणी चार साखळ्यांची असून त्यांत मिळून ५७४ ॲमिनो अम्ले माळेतल्या मण्यांसारखी ओवलेली असतात. एवढ्या मोठ्या रेणूत बारीकसा फरक असेल तर तो शोधायचा कसा? सुरुवातीचे काही प्रयत्न काहीच हाती न लागता गेले.

मग त्यांनी विद्युत्‌भाराकडे मोर्चा वळवला. प्रथिनाच्या रेणूवर काही ठिकाणी धन भार असतात, काही ठिकाणी ऋण. त्यांची बेरीज म्हणजे रेणूचा निव्वळ भार. हा भार ठरावीक नसतो. तो भोवतालचा विद्राव किती आम्ल आहे यावर अवलंबून असतो. आम्ल विद्रावात हायड्रोजन आयन मुबलक असतात, ते रेणूला चिकटतात आणि रेणू धनभारित होतो. विद्राव अल्कधर्मी केला की हे आयन निघून जातात आणि रेणू ऋणभारित होतो. या दोहोंच्या मध्ये एक पीएच असा असतो की तेथे धन आणि ऋण यांची बरोबर तोंडमिळवणी होते. अशा वेळी विद्रावात दोन विद्युत् अग्रे बुडवून विद्युत् क्षेत्र निर्माण केले तरी रेणू जागचा हलत नाही. पीएच त्याच्या खाली असेल तर तो ऋणाग्राकडे चालू लागतो, वर असेल तर धनाग्राकडे. विद्युत् क्षेत्रात रेणूंना असे चालायला लावण्याच्या पद्धतीला इलेक्ट्रोफोरेसिस म्हणतात. मराठीत विद्युत् संचारण म्हणा.

या कामासाठी लागणारे उपकरण स्वीडनच्या अर्ने टिसेलियस यांनी १९३७ साली सिद्ध केले होते. त्याबद्दल त्यांना १९४८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. यू आकाराची काचेची नळी, खाली प्रथिनाचा विद्राव, त्यावर नुसता बफर विद्राव, आणि दोहोंमध्ये स्पष्ट सीमा. वीज सुरू केली की सीमा हळूहळू सरकते. वाचायला सोपे वाटते, पण करायला महाकठीण! विद्रावातून विद्युत् प्रवाह गेला की उष्णता निर्माण होणारच. नळीच्या मध्यभागी विद्राव तापला, हलका झाला, वर चढू लागला की अभिसरणाचे प्रवाह सुरू होतात आणि ती नाजूक सीमा विस्कटून जाते.

टिसेलियसने यावर जी युक्ती काढली ती तुम्हांलाही सुचू शकली असती. होपच्या उपकरणाचा प्रयोग आठवतो ना? पाण्याची घनता ४ अंश सेल्सियसला सर्वाधिक असते. आलेखावर हा भाग डोंगराच्या माथ्यासारखा सपाट दिसतो. म्हणजेच त्या तापमानाजवळ पाणी थोडेसे तापले काय किंवा निवले काय, घनतेत जवळजवळ फरक पडत नाही. घनतेत फरक नाही, तर अभिसरण नाही! म्हणून टिसेलियसने सारी नळी ४ अंशांच्या आसपास थंड ठेवली. आपण हा प्रयोग ‘थंड प्रदेशातील तळ्यांत मासे कसे जगतात’ एवढ्या उत्तरापुरता पाठ करतो आणि पुस्तक मिटतो.

सीमा डोळ्यांना कशी दिसायची? तिथेही प्रकाशविज्ञान मदतीला आले. प्रथिनाच्या विद्रावाचा वक्रीभवनांक साध्या बफरपेक्षा किंचित जास्त असतो. सीमेवर तो बदलतो, त्यामुळे तेथून जाणारे किरण वाकतात. उन्हाळ्यात तापलेल्या डांबरी रस्त्यावर हवा थरथरताना दिसते त्यातलाच हा प्रकार. योग्य भिंगे लावून छायाचित्र घेतले की सीमेच्या जागी उंचवटा उमटतो. एक प्रकारचे प्रथिन असेल तर एक उंचवटा, दोन असतील तर दोन.

येथे जरा आकडेमोड करू. समजा, एका रेणूवर दुसऱ्यापेक्षा फक्त दोन इलेक्ट्रॉनांइतका भार वेगळा आहे आणि नळीत दर सेंटिमीटरला ५ व्होल्ट, म्हणजे दर मीटरला ५०० व्होल्ट इतके क्षेत्र आहे. या जादा भारावरचे बल = २ × १.६ × १०⁻¹⁹ × ५०० = १.६ × १०⁻¹⁶ न्यूटन. हा आकडा अगदीच नगण्य दिसतो. पण आता रेणूचे वजन काढा. ६४,५०० ला १.६६ × १०⁻²⁷ किलोग्रॅमने गुणले की वस्तुमान सुमारे १.०७ × १०⁻²² किलोग्रॅम येते आणि त्यावरचे गुरुत्वाकर्षण सुमारे १०⁻²¹ न्यूटन. म्हणजे त्या दोन फालतू वाटणाऱ्या भारांवरचे बल अख्ख्या रेणूच्या वजनाच्या दीड लाख पट आहे! तराजूला जे कधीच कळणार नाही, ते विद्युत् क्षेत्राला कळते. अर्थात पाण्याचा विरोध मोठा असल्याने रेणू काही धावत सुटत नाही. त्याची चाल मिलिमीटरच्या मापाने मोजावी लागते. पॅसाडीनातील काही प्रयोग वीस वीस तास चालले.

तीन प्रकारची चित्रे

निकाल निःसंदिग्ध आला. निरोगी माणसाचे हिमोग्लोबिन पीएच ६.८७ च्या आसपास स्थिर राहत होते, तर रुग्णाचे ७.०९ च्या आसपास. फरक दिसायला छोटा; पण याचा अर्थ असा की, पीएच ६.९ च्या विद्रावात निरोगी हिमोग्लोबिन एका दिशेने निघाले आणि रुग्णाचे हिमोग्लोबिन अगदी उलट दिशेने! हिशेबाने रुग्णाच्या रेणूवर दोन ते चार धन भार अधिक निघत होते. रेणूत लोह धरून बसणारा जो ‘हीम’ असतो तो दोन्हींत सारखाच होता. म्हणजे फरक प्रथिनाच्या भागात होता. प्राणवायू असो वा नसो, भारातला फरक कायम राहत होता.

यापुढची गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. धडधाकट असूनही ज्यांच्या पेशी काचपट्टीवर वाकत, त्यांचे रक्त तपासले तेव्हा नळीत दोन उंचवटे दिसले. त्यांच्या शरीरात दोन्ही प्रकारचे हिमोग्लोबिन होते आणि नेहमीचे हिमोग्लोबिन निम्म्याहून जास्तच होते. खात्रीसाठी संशोधकांनी निरोगी आणि रुग्ण यांचे हिमोग्लोबिन ठरावीक प्रमाणात स्वतः मिसळून पाहिले; तसेच चित्र मिळाले. याच वर्षी जुलैमध्ये मिशिगन विद्यापीठाच्या जेम्स नील यांनी कुटुंबांचा अभ्यास करून दाखवले होते की, रुग्णाचे आई आणि वडील या दोघांच्याही पेशी वाकतात. नील आनुवंशिकतेच्या वाटेने आले, कॅलटेकचे लोक विजेच्या वाटेने आले. दोघे एकाच ठिकाणी भेटले. आईकडून एक आणि वडिलांकडून एक अशी या हिमोग्लोबिनची दोन जनुके आपल्याला मिळतात. दोन्ही सदोष असतील तर माणूस रुग्ण, एकच असेल तर तो वाहक. वाहकाचा आजार सौम्य आहे असे नसून त्याला आजारच नाही.

पाउलिंग, इटानो, सिंगर आणि वेल्स यांचा निबंध ‘सायन्स’ या साप्ताहिकाच्या २५ नोव्हेंबर १९४९ च्या अंकात आला. त्याच्या शीर्षकात त्यांनी या आजाराला ‘रेणवीय आजार’ म्हटले होते. हा शब्दप्रयोग तोपर्यंत कोणी केलेला नव्हता.

मण्याची अदलाबदल

फरक आहे हे कळले. पण ५७४ मण्यांपैकी नेमका कोठे? याचे उत्तर १९५६-५७ मध्ये केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत व्हर्नन इंग्रॅम यांनी दिले. (कॅव्हेंडिश म्हणजे इलेक्ट्रॉनचा शोध जेथे लागला ती पदार्थविज्ञानाची प्रयोगशाळा.) त्यांनी पाचक रसातील ट्रिप्सिनने हिमोग्लोबिनचे छोटे तुकडे केले. ते टीपकागदावर ठेवून प्रथम विजेने एका दिशेला आणि नंतर द्रावकाच्या साहाय्याने काटकोनातील दिशेला पसरवले. टीपकागदावर काळ्या शाईचा थेंब टाकून कागदाचे टोक पाण्यात धरा. शाईतील निळे, तांबडे रंग वेगवेगळ्या उंचीवर चढतात. इंग्रॅमची दुसरी पायरी याच जातीची होती. कागदावर ठिपक्यांची नक्षी उमटली. निरोगी आणि रुग्ण यांच्या नक्षीत एकच ठिपका जागा सोडून बसला होता.

तो तुकडा उलगडून पाहता कळले की, ग्लुटॅमिक अम्ल या मण्याच्या जागी व्हॅलीन हा मणी आला आहे. बीटा नावाच्या साखळीतील १४६ मण्यांपैकी हा सहावा. ग्लुटॅमिक अम्लावर एक ऋण भार असतो, व्हॅलीनवर भार नसतो. हिमोग्लोबिनच्या रेणूत बीटा साखळ्या दोन. म्हणजे दोन ऋण भार गेले. आठ वर्षांपूर्वी नळीतल्या सीमेवरून काढलेला दोन ते चारचा अंदाज किती जवळ होता, पाहा. वजनात मात्र या अदलाबदलीने ६४,५०० पैकी केवळ ६० चा फरक पडतो, हजारात एकसुद्धा नाही.

पण दोन भार गेल्याने पेशी वाकते कशी? व्हॅलीन हा पाण्याला नकोसा असलेला, तेलकट स्वभावाचा मणी आहे आणि तो येथे रेणूच्या पृष्ठभागावर येऊन बसला आहे. प्राणवायू सुटला की रेणूचा आकार बदलतो आणि शेजारच्या रेणूवर एक तसलीच तेलकट खोबण उघडी पडते. व्हॅलीन तिच्यात जाऊन रुततो. मग रेणूला रेणू जोडला जातो, लांब दोर तयार होतात आणि पेशीला आतून ताणून विळ्याचा आकार देतात. प्राणवायू मिळाला की दोर सुटतात. पण असे वारंवार झाल्यावर पेशी कायमची वाकते. वाहकाच्या पेशीत चांगले रेणू अधिक असल्याने हे दोर नेहमीच्या परिस्थितीत वाढतच नाहीत.

कारण कळले, पुढे काय?

तुम्हांला वाटेल, १९४९ साली कारण सापडले, म्हणजे औषध पाठोपाठ आले असेल. तसे घडले नाही. या आजारासाठी हायड्रॉक्सियुरिया या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली ती १९९८ साली. मधली जवळजवळ पन्नास वर्षे रुग्णांना मुख्यतः वेदनाशामके आणि दुसऱ्याचे रक्त यांवर काढावी लागली. रेणू समजणे आणि तो शरीरात दुरुस्त करणे यांत किती अंतर असते याचा हा नमुना आहे.

उपचाराचा धागा एका बालरोगतज्ज्ञ बाईंच्या निरीक्षणात आधीच होता. ब्रुकलिनच्या डॉ. जॅनेट वॉटसन यांनी १९४८ साली नोंदवले होते की, आजार घेऊन जन्मलेल्या तान्ह्या बाळांच्या पेशी फारशा वाकत नाहीत. पोटात असताना बाळाचे हिमोग्लोबिन निराळ्या साखळीचे असते. त्यात बीटा साखळीच नाही, तर बिघडणार काय? जन्मानंतर काही महिन्यांत ते बंद होऊन प्रौढ हिमोग्लोबिन सुरू होते आणि मग त्रास चालू होतो. हायड्रॉक्सियुरियाने हेच गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन थोडे वाढते. ब्रिटनमध्ये नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि लगेच डिसेंबरमध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या ‘कॅसजेव्ही’ या उपचारात रुग्णाच्या रक्त तयार करणाऱ्या पेशी बाहेर काढून, क्रिस्पर तंत्राने त्यांच्यातील एक कळ फिरवून, हे बालपणीचे हिमोग्लोबिन पुन्हा चालू करतात. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर ठेवण्यात आली. धडगावच्या किंवा एटापल्लीच्या रुग्णाने या आकड्याचे काय करायचे, हा प्रश्न आहेच.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, जरी ती पाउलिंगच्या चाहत्यांना आवडणार नाही. दोन वाहकांनी आपसांत लग्न करू नये म्हणून प्रत्येक वाहकाच्या कपाळावर खूण गोंदवावी, असे त्याने १९६८ साली लिहिले होते. ज्याच्या प्रयोगशाळेने वाहक हा रुग्ण नसतो हे दाखवून दिले, त्यानेच वाहकाला चारचौघांत ओळखू येईल असा डाग द्यायला निघावे! त्याचा हेतू मुलांचे दुःख टाळण्याचा होता, हे खरे. पण इटानोसारख्या विद्यार्थ्याला केवळ चेहऱ्यावरून छावणीत पाठवलेल्या देशात हे त्याने लिहावे, याचे मला नवल वाटते. आपल्याकडेही ‘वाहक’ असा शेरा मिळालेल्या मुलीचे लग्न मोडण्याचे प्रकार ऐकू येतात. त्या वेळी नळीतले दोन उंचवटे कोणी तरी घरच्यांना समजावून सांगायला हवेत. वाहक मुलीचे लग्न निरोगी मुलाशी झाले तर एकही मूल रुग्ण होणार नाही. दोघेही वाहक असतील तरच प्रत्येक बाळंतपणात चारात एक अशी शक्यता असते. आणि हे ‘प्रत्येक’ विसरू नका. पहिले मूल आजारी निघाले म्हणजे पुढची तीन सुटली, असा हिशेब घरोघरी केला जातो, तो साफ चूक आहे. नाणे आपला मागचा कौल लक्षात ठेवत नाही.

पट्टी कशी वाचावी

भारत सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. सतरा राज्यांतील सात कोटी लोकांची तपासणी हे तिचे उद्दिष्ट ठेवण्यात आले होते. या तपासणीत ज्या चाचण्या वापरल्या जातात, त्यांतील दोन तुमच्या ओळखीच्या झालेल्या आहेत. पहिली विद्राव्यतेची. रक्ताच्या थेंबात सोडियम डायथायोनाइट घालून प्राणवायू काढून घेतात. सिकल हिमोग्लोबिन असेल तर विद्राव गढूळ होतो आणि नळीमागे धरलेल्या कागदावरील रेघा दिसेनाशा होतात. यात वाहक आणि रुग्ण दोघेही गढूळच दिसतात. म्हणून दुसरी चाचणी, इलेक्ट्रोफोरेसिसची. आता टिसेलियसची अवजड नळी लागत नाही. सेल्युलोज ॲसिटेटची पट्टी पुरते. विद्रावाचा पीएच सुमारे ८.६ ठेवतात. त्यात सारी हिमोग्लोबिने ऋणभारित असल्याने सगळी धनाग्राकडेच निघतात. पण सिकल हिमोग्लोबिनवर दोन ऋण भार कमी, म्हणून ते मागे रेंगाळते. निरोगी माणसाचा मुख्य पट्टा पुढे, रुग्णाचा मागे आणि वाहकाचे दोन पट्टे.

आता तुमच्यासाठी एक कोडे. इटानो यांनी १९५१ साली आणखी एक हिमोग्लोबिन शोधले, जे पंजाबात बऱ्याच लोकांत आढळते. त्याला ‘डी पंजाब’ म्हणतात. त्याच्या बीटा साखळीत सहावा मणी ठीक असतो. १२१ व्या जागी ग्लुटॅमिक अम्लाऐवजी ग्लुटामीन आलेले असते, आणि ग्लुटामीनवर भार नसतो. पट्टीवर याचा पट्टा कोठे येईल?

भार मोजून पाहा. येथेही प्रत्येक बीटा साखळीतून एक, म्हणजे रेणूतून दोनच ऋण भार गेले. म्हणून हा पट्टा बरोबर सिकलच्या पट्ट्यावर येऊन बसतो आणि नुसती पट्टी पाहणारा फसतो. पण १२१ व्या जागी तेलकट व्हॅलीन नाही, त्यामुळे दोर वळले जात नाहीत आणि डायथायोनाइट घातल्यावर विद्राव स्वच्छ राहतो. प्रयोगशाळेत एकाच थेंबावर दोन्ही चाचण्या करतात त्या यासाठीच.